आपण काय ऐकता, आणि का?

वसंत व्याख्यानमालेत एरवी मोठे विषय असतात. देशाची अर्थव्यवस्था, संतवाङ्मय, पाण्याचा प्रश्न. त्यांच्या पंगतीत आमचा विषय जरा घरगुती वाटेल. आपण सध्या कोणते गाणे ऐकत आहात आणि ते का ऐकत आहात, एवढाच प्रश्न आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत. त्याचा पहिला अर्धा भाग सोपा आहे. कोणते गाणे, हे लहान मूलही सांगते. दुसरा अर्धा भाग विचारला की चांगला बोलका माणूसही छताकडे पाहू लागतो, असा आमचा अनुभव आहे.

आता हे विचारण्याचा आमचा अधिकार काय? आम्ही गवई नाही आणि संगीताचे पंडित तर नाहीच नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण इचलकरंजीच्या मागांच्या शेडमध्ये, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. रागांची नावे आम्ही आधी पुस्तकात वाचली आणि मग कानाने पडताळली. ही वाट उलटी आहे, पण ज्याला गुरू मिळत नाही त्याला ती धरावी लागते. गेली तीसएक वर्षे यंत्रमाग कामगारांची संघटना बांधीत असता माणसे काय ऐकतात हे आमच्या कानांवर आपोआप पडत गेले. का ऐकतात, हे मात्र विचारावे लागले.

यातला अर्धा प्रश्न एके काळी नभोवाणीने साऱ्या देशाला विचारला होता. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला त्यांनी फार मोठा आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच झाली. मग लोकांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. त्याच १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती, आणि पुढे बुधवारची संध्याकाळ म्हणजे गीतमाला असे समीकरणच होऊन बसले. श्रोत्यांनी काय ऐकावे हे दिल्लीत ठरले, आणि श्रोत्यांनी ते ठरवणे मुकाट्याने नामंजूर केले. बहिष्काराचा हा प्रकार आम्हांला फार आवडतो. त्यात ना पत्रक निघाले, ना मोर्चा. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

तिथून फर्माइशीचे दिवस खरे बहरले. पोस्टकार्डावर गाण्याचे नाव लिहावे, खाली घरातल्या साऱ्यांची नावे लिहावीत, आणि मग दिवसेंदिवस रेडिओला कान लावून बसावे. आजच्या झारखंडातले झुमरी तलैया हे गाव केवळ फर्माइशींमुळे देशभर ठाऊक झाले. ते अभ्रकाच्या खाणींचे गाव. तिथल्या शौकिनांत पत्रे पाठवण्याची चढाओढच लागे म्हणतात. पुष्कळांनी या प्रकाराची थट्टा केली आहे. आम्ही करणार नाही. ज्याचे नाव हजेरीपटाखेरीज कुठे लिहिले जात नाही, त्याला आपले नाव आकाशातून ऐकू यावे असे वाटले तर त्यात हसण्यासारखे काय आहे? तरीही त्या पोस्टकार्डावर एक जागा कोरीच राहिली. गाणे होते, नाव होते, गाव होते. ‘का’ नव्हते. लाखो लोक एकच गाणे मागत, पण शेजारच्याने ते का मागितले हे कोणालाच कळत नसे.

त्याच आठवड्यात, ५ ऑक्टोबर १९५७ रोजी, विलायतेत एक वेगळीच गोष्ट घडली. पॉल रोबसन हा अमेरिकेतला थोर कृष्णवर्णीय गायक. त्याच्या राजकीय मतांमुळे अमेरिकन सरकारने १९५० साली त्याचा परदेशप्रवासाचा परवाना काढून घेतला होता. वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांनी पोर्थकॉल येथे आपला गायनमेळावा भरवला होता आणि त्यांना रोबसन हवा होता. माणूस येऊ शकत नाही, तर आवाज आणू, असे त्यांनी ठरवले. अटलांटिक महासागराच्या तळातून टेलिफोनची तार आदल्याच वर्षी पडली होती. त्या तारेवरून रोबसन न्यूयॉर्कमधून गायला, हजारो खाणकामगारांनी सभागृहात ते ऐकले, आणि त्यांच्या गायकवृंदाने उलट गाऊन उत्तर दिले. परवाना त्याला पुढच्या वर्षी परत मिळाला. ही हकीकत सांगण्याचे कारण असे, की इथे ‘का’ दोन्ही बाजूंना पुरता ठाऊक होता. रोबसन १९३० नंतरच्या मंदीत या खाणकामगारांबरोबर उभा राहिला होता, त्यांच्या जीवनावरच्या १९४० सालच्या चित्रपटात त्याने काम केले होते. गुलामांच्या नातवंडांची भजने आणि खाणीच्या गावातली भजने एकमेकांना ओळखत होती.

आमच्याकडे मात्र ‘का’ विचारले की ठरलेले उत्तर येते. “बरं वाटतंय, म्हणून ऐकतोय की.” हे उत्तर खोटे नाही. पण का जेवलास, या प्रश्नाला भूक लागली म्हणून, असे सांगण्यापैकी ते आहे. भाकरीच का आणि त्याबरोबर खर्डाच का, हे त्यात येत नाही. आम्ही बरीच वर्षे हा प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने घालून पाहिला, आणि शेवटी आपल्या संगीतातलाच एक शब्द कामी आला. गाणारे लोक ‘जागा’ म्हणतात. अमक्याने या ओळीत काय जागा घेतली, असे म्हणतात. तेव्हा ‘का’ विचारण्याऐवजी ‘कोणत्या जागेसाठी’ असे विचारावे. सारे गाणे का आवडते हे सांगणे अवघड. पण गाण्यातल्या कोणत्या ठिकाणी हातातले काम थांबते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. ती जागा सापडली की कारण तिच्या मागोमाग येते.

यावरून आम्ही कचेरीत रविवारची बैठक सुरू केली. रीत साधी आहे. पाळीपाळीने एकाने एक गाणे आणायचे. वाजवण्यापूर्वी जागा सांगायची, मग गाणे लावायचे, आणि नंतर बाकीच्यांनी आपणांस ती जागा लागली की नाही ते सांगायचे. चांगले-वाईट म्हणायचे नाही, एवढीच बंदी. पहिले काही रविवार लोक लाजले. मग कांडीवर काम करणाऱ्या एक मावशी आल्या, त्यांनी मोबाइल आणलाच नव्हता. त्या स्वतः गायल्या, जात्यावरची ओवी. जागा कोणती म्हणून विचारले तर त्यांनी हात गोल फिरवून दाखवला. ओढताना ओळ चढते आणि खुंटा पलीकडे गेला की उतरते, ती उतरण्याची जागा. आणि का? “सासूला सांगता येत नव्हतं, ते जात्याला सांगितलं,” असे त्या म्हणाल्या.

आपणांपैकी कित्येकांना ठाऊक असेल, की हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं या दोघांनी पुण्याहून काम करून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे भांडार जमले, कारण ओवी ऐकणारे असे वेगळे कोणी नव्हतेच. पहाटे दोघी जात्याला बसत. जी गाई तीच ऐके. विजेची गिरणी आली आणि दळणाचे कष्ट वाचले, ते फार बरे झाले. पिठाच्या त्या कष्टांबद्दल हळहळणारे बहुधा पुरुषच असतात. मात्र ओवीचे काम गेले, आणि काम गेल्यावर तिला ऐकणारा शोधावा लागला. आज ती ध्वनिमुद्रित होऊन मोबाइलवर मिळते. मावशींच्या नातीने त्याच बैठकीत ती काढून दाखवली, तेव्हा मावशींनी तिचा वेग जरा जास्त आहे, अशाने पीठ जाडे पडेल, असा शेरा मारला.

दुसरा प्रसंग अधिक नाजूक होता. आमच्या शहरात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला. तेव्हापासून इथे कामाला माणसे बाहेरून येत राहिली. आधी आसपासच्या खेड्यांतून, कर्नाटकातून, आणि आता उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून. एका शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत आझमगढकडचा एक तरुण मोबाइलवर भोजपुरी गाणे लावी. आमच्या लोकांना त्याचा राग. “बंद कर ते केकाटणं,” इथपासून सुरुवात होऊन एकदा मोबाइल फुटण्यापर्यंत मजल गेली. मजुरीवाढीची मागणी दारात उभी असताना हे चालले होते आणि मालक मंडळी स्वस्थ पाहत होती. आम्ही त्या तरुणाला बैठकीला बोलावले. तो बिरहा घेऊन आला. जागा सांग म्हटले. गाण्यात बाई विचारते, की परदेशी गेलेला माणूस परत केव्हा येणार, आणि तिथे आवाज ताणून सोडून देतात. ती माझी जागा, असे तो म्हणाला. भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) यांच्या ‘बिदेसिया’ नाटकाची गोष्टही त्यानेच सांगितली. नवरा कमाईसाठी कलकत्त्याला जातो, बायको गावी वाट पाहते.

आमचे एक जुने मागवाले अण्णा कोपऱ्यात बसले होते. ते एकदम म्हणाले, “आरं, ही तर आपली मैनाच की!”

अण्णांना आठवली ती अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. वाटेगावचे अण्णा भाऊ लहान वयात मुंबईला गेले, गिरणगावात राहिले, आणि १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या त्या छक्कडीत गिरणगावच्या कामगाराची घरधनीण गावी राहते, आणि तिच्या आडून बेळगाव-कारवारचा तुटलेला मुलूखही बोलतो. एका विरहात दोन विरह बसवण्याची ही करामत पंडितांनी अभ्यासावी अशी आहे. आमच्या अण्णांना त्यातले राजकारण ठाऊक होतेच, पण त्यांची जागा वेगळी निघाली. त्यांचे वडील गिरणीत होते, आई गावी. गाणे लागले की आई चुलीपुढून उठून दाराशी जाई, ती त्यांची जागा.

त्या दिवसानंतर सगळे गळ्यात गळे घालून नाचू लागले, असे आम्ही सांगणार नाही. गाण्याने युनियन उभी राहत नाही. त्यासाठी वर्गणी लागते आणि पावतीपुस्तक लागते. परंतु त्या शेडमध्ये पुढच्या मागणीपत्रावर मराठी आणि हिंदी दोन्ही सह्या पडल्या, आणि सुट्टीत गाणे कोणाचे लावायचे याच्या पाळ्या लागल्या. आम्हांला वाटते ते एवढेच, की ‘काय ऐकतोस’ यावर माणसे भांडू शकतात, कारण तिथे माझे आणि तुझे असते. ‘का’ कळल्यावर त्याच भांडणाला पहिल्यासारखा जोर राहत नाही.

आता आम्ही स्वतः काय ऐकतो, ते सांगितले पाहिजे. नाहीतर लोकांचे घेऊन आपले राखून ठेवल्यासारखे होईल. आम्ही सध्या अब्दुल करीम खाँसाहेब ऐकत आहोत. खाँसाहेब १८७२ साली उत्तरेत कैराना येथे जन्मले, पण मिरजेला त्यांनी घर केले, आणि १९३७ साली ते वारल्यावर मिरजेच्याच मातीत विसावले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. त्यांची ‘जमुना के तीर’ ही भैरवी जुन्या तबकडीची आहे, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रात्रभर गाऊ शकणाऱ्या माणसाला तीन मिनिटांत सारे सांगायचे होते. पण घाई म्हणून कुठे नाही. एका स्वरावर येताना तो स्वर ते हळूच, जणू दार न वाजवता उघडतात, ती आमची जागा. आणि का? आमचे निम्मे आयुष्य घोषणा देण्यात आणि भाषणे करण्यात गेले. आवाज न चढवता माणसाला थांबवता येते, हे आम्हांला या तबकडीने दाखवले.

हे गाणे आम्ही बैठकीत लावले, आणि तंबोरा म्हणजे काय हे सर्वांना कळावे म्हणून मिरजेहून एका कारागिराला बोलावले. मिरजेच्या या धंद्याचे मूळही ऐकण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि पुढे तंबोरे-सतारी घडवू लागले. संस्थानी लढाया संपल्या होत्या, तलवारीला गिऱ्हाईक उरले नव्हते. धंदा बुडाल्यावर कारागिराने हात दुसरीकडे वळवावा याचे याहून सुरेख उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

कारागिराने जवारी दाखवली. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण ती कानसीने अगदी किंचित बाकदार घासलेली असते. तार तिच्यावर टेकते तिथे खाली बारीकसा धागा सरकवतात. धागा योग्य जागी बसला की तारेच्या मूळ स्वराबरोबर वरचे कितीतरी बारीक स्वर उमटतात आणि तंबोरा झंकारतो. धागा केसभर हलवला तरी तो झंकार बदलतो. त्याने धागा हलवला. पोरांनी लगेच माना डोलावल्या. अण्णा आणि त्यांच्या वयाचे आणखी तिघे-चौघे मागवाले एकमेकांकडे पाहत राहिले. त्यांना दोन्ही आवाज सारखेच वाटत होते.

श्रोतेहो, इथून आमचा विषय संगीताचा राहिला नाही. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० ते १०० डेसिबलच्या घरात असतो. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. आपल्या कायद्याने आठ तासांना ९० ची मर्यादा घातली. कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते, तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. मोठा आवाज वर्षानुवर्षे बसत राहिला की त्या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाव पडतो तो दर सेकंदाला सुमारे ४,००० कंपने असलेल्या उंच आवाजाच्या भागात. पियानोची शेवटची उजवीकडची पट्टी साधारण तेवढी उंच. गळ्यातून येणारा मूळ स्वर याच्या पुष्कळ खाली असतो, म्हणून गाणे ऐकू येत राहते आणि माणसाला शंका येत नाही. जवारीचा झंकार वर असतो, तो आधी जातो. बोलण्यातले स, श, फ हेही वरच्याच भागातले. मग “ऐकू येतंय, पण काय म्हणालास ते कळंना” अशी तक्रार सुरू होते, आणि घरचे लोक म्हणतात, म्हाताऱ्याचे लक्ष नसते.

धागा हलवून पाहणे ही काही वैद्यकीय परीक्षा नव्हे. आम्ही त्या चौघांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान तपासणीचा आलेख निघाला, आणि चौघांच्याही आलेखात त्याच ठिकाणी खड्डा होता. आवाजामुळे येणारे बहिरेपण कारखाना अधिनियमाने व्यावसायिक रोगांच्या यादीत घातले, आणि असा रोगी आढळला की तो कळवण्याची सक्ती केली. मात्र एका छपराखालचे माग घरच्या चार नावांवर वाटले, की कागदावर कारखानाच उरत नाही, आणि मग रोग कळवायचा कोणी? या वाटणीविरुद्धचे आमचे अर्ज अजून फिरत आहेत. कानात घालायचे बोळे स्वस्त असतात आणि चांगले बसवले तर आवाज पुष्कळ उतरवतात. मागणीपत्रात ते आता पहिल्या पानावर आले आहेत. पूर्वी ते शेवटच्या पानावर, पिण्याच्या पाण्याच्याही खाली असत.

तरुणांचे म्हणून एक वेगळे सांगावे लागते. ते कानात इअरफोन घालून माग चालवतात. शेडमध्ये ९५ डेसिबलचा खडखडाट असताना गाणे ऐकू यायचे, तर ते त्याहूनही मोठे लावावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे, की मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचे असेल तर आवाज ८० डेसिबलपर्यंतच असावा. पोरांना वाटते आपण खडखडाट बाहेर ठेवला. प्रत्यक्षात दोन्ही आत घेतलेले असतात. आम्ही त्यांना गाणे बंद करा असे सांगत नाही. शेडमध्ये बोळे घाला, आणि गाणे रविवारी घेऊन या, असे सांगतो. शिवाय इअरफोनमधले गाणे दुसऱ्याला कळत नाही. पूर्वी चहाच्या हॉटेलातला रेडिओ गल्लीला ऐकू जाई. आवडो न आवडो, शेजारी काय ऐकतो हे ठाऊक असे.

असो. बैठक आता महिन्यातून दोन रविवारी भरते. अण्णांनी आपली बसण्याची जागा बदलली आहे. ते तंबोऱ्याच्या भोपळ्याला हात लावून बसतात, झंकार हाताला लागतो म्हणतात. आझमगढचा तरुण येत्या खेपेला बिरहा स्वतः गाणार आहे. त्याचा अर्थ मराठीत सांगण्याचे काम मावशींच्या नातीने घेतले आहे, आणि आवाज किती ठेवायचा ते अण्णांऐवजी तिनेच ठरवायचे, असा ठराव झाला आहे.